चार सुती की बारा एमएम? जीपच्या एका बोल्टाची हकिगत



कांद्याची लागण गेल्या आठवड्यात उरकली, आंबवणीचं पाणीही झालं. म्हणून यावेळची नोंद रानातली नाही, गोठ्याशेजारच्या शेडमधली आहे. विषय आपली जुनी जीप. नेहमीच्या वाचकांना ती माहीतच आहे: १९९१ ची एमएम ५४०, तात्यांनी २००३ साली जुनीच घेतलेली. हिच्यावर कांद्याची रोपं आली, खतं आली, घोडेगावच्या वरच्या अंगाने मजूर आले, आणि एकदा अख्खी वरातसुद्धा आली. यावेळी मात्र तिने मला तीन दिवस पाठीवर झोपवलं.

झालं असं की मागचा उजवा शॉकअप तेल टाकायला लागला होता. रिकामी गाडी कच्च्या रस्त्याला मागून अशी फेकायची की मजूर बायका म्हणायला लागल्या, "दादा, आम्ही चालत येतो." पाणी फवारणीची टाकी मागे भरलेली असली की वळणावर गाडी डुलायची, ते तर जास्तच वाईट. नवीन जोडी आणली. काम काय, वरचा एक बोल्ट, खालचा एक बोल्ट. तासाचं काम. वरचा निघाला. खालचा तीन दिवस निघाला नाही.

बोल्ट निघाला नाही याचं कारण शोधता शोधता मी जिथे पोचलो ते सांगण्यासाठी ही लांबलचक नोंद. गंज हे कारण आहेच, पण गंज लागण्याचंही एक कारण असतं, आणि आमच्या बोल्टाचं कारण मला अमेरिकेपासून मुंबईच्या माझगावपर्यंत आणि तिथून आमच्याच पडवीत घेऊन आलं.

पहिल्या दिवशी काय काय केलं ते आधी सांगतो. तारेच्या ब्रशने माती-गंज झाडला. डिझेल सोडलं, रात्रभर मुरू दिलं. आमच्याकडे पूर्वी रॉकेल वापरायचे, आता रॉकेल बघायलाच मिळत नाही. पेट्रोल पंपाशेजारच्या दुकानात डब्ल्यूडी-४० चा डबा मिळतो, तोही मारला. त्याचीही गंमत आहे. १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगोला रॉकेट केमिकल नावाच्या छोट्या कंपनीने अॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये, पाणी सरकावं, म्हणून ते बनवलं. चाळिसावा प्रयत्न जमला म्हणून नावात ४०. म्हणजे ते मुळात पाणी हटवण्याचं औषध, आटे सोडवण्याचं नव्हे. थोडं आत शिरतं हे खरं, पण लोक त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा करतात.

दुसऱ्या दिवशी १९ चा रिंग पाना, त्यावर तीन फुटी पाइप. नट जरासा हलला. मी खूश. आणखी जोर लावला तर नटाबरोबर बोल्टही फिरायला लागला, बोल्टाबरोबर बुशही पिळायला लागलं, आणि सोडलं की रबर सगळं परत मागे. पलीकडून डोक्याला दुसरा पाना धरला, तर पाइप वाकला. बोल्ट तिथेच.

मग मंचरला मिस्त्रींना फोन केला. हे मिस्त्री पूर्वी काळ्या-पिवळ्या जीपगाड्यांची कामं करायचे. भीमाशंकरच्या रस्त्याला त्या गाड्या दहाच्या जागी अठरा माणसं घेऊन जायच्या तेव्हापासूनचा माणूस. त्यांनी वाकून बघितलं, बोटाने बोल्टाचं टोक चाचपलं आणि म्हणाले, "आवो, हा सोडायचा बोल्ट नाय. हा काढायचा बोल्ट हाये." टोक ठोकून पसरवलेलं होतं. रिबीट केलंय कुणीतरी. नट तिथून पुढे येणारच नव्हता. मी तीन फुटी पाइप लावून भिंतीशीच कुस्ती खेळत होतो.

नट परत ढिला होऊ नये म्हणूनच माणूस टोक ठोकतो. मग नट ढिला का होत होता? हा प्रश्न डोक्यात राहिला.

आता जरा मागे जाऊ. १९४० सालच्या जुलैमध्ये अमेरिकन लष्कराने छोट्या चारचाकी-चालवत्या गाडीची मागणी काढली, आणि नमुना ४९ दिवसांत द्या म्हणून अट घातली. बँटम नावाच्या छोट्याशा कंपनीने तो दिला, २३ सप्टेंबर १९४० ला. एवढ्या थोड्या दिवसांत कुणी नवीन सामान बनवत बसत नाही. इंजिन एकाचं, अॅक्सल दुसऱ्याचे, गिअरबॉक्स तिसऱ्याचा, बाजारात जे तयार मिळत होतं ते घेऊन गाडी जुळवली. बोल्टही अर्थातच अमेरिकन मोटारधंद्यात चालू होते तेच: इंची मापाचे, बारीक आट्यांचे. पुढे विलीज आणि फोर्ड या दोघांनी मिळून महायुद्ध संपेपर्यंत सुमारे साडेसहा लाख जीप काढल्या. सगळ्या इंची.

मुंबईत २ ऑक्टोबर १९४५ ला महिंद्र अँड मोहम्मद ही कंपनी सुरू झाली ती पोलादाच्या व्यापारासाठी. जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र हे महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद. फाळणी झाल्यावर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, नंतर गव्हर्नर जनरल. कंपनीच्या नावातला दुसरा शब्द १९४८ ला बदलून महिंद्र अँड महिंद्र झाला. कैलाशचंद्र युद्धकाळात भारताच्या पुरवठा मिशनवर अमेरिकेत होते, जीप त्यांनी तिथे पाहिलेली. चाळीसच्या दशकाच्या शेवटी माझगावात विलीजचे सुटे भाग पेट्यांतून यायला लागले आणि गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. मग जोडणीवरून उत्पादनावर आले, कारखाना कांदिवलीला. विलीजने १९५३ साली काढलेलं सीजे-३बी हे उंच बॉनेटचं मॉडेल अमेरिकेत १९६८ ला बंद झालं, आपल्याकडे ते आणि त्याची पोरं-नातवंडं पुढे कितीतरी वर्षं निघत राहिली. आमची एमएम ५४० त्याच घरातली.

शेतकऱ्याला जीप आवडली याला एक कारण इंजिनाचं आहे. आधीची इंजिनं पेट्रोलवर. खेड्यात पेट्रोलची गाडी म्हणजे पुढाऱ्याची, नाहीतर सरकारी साहेबाची. १९६३ साली कांदिवलीतच इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टर कंपनी निघाली, बी-२७५ ट्रॅक्टर आला, आणि सत्तरच्या दशकात त्याच ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन जीपमध्ये बसलं. गाडी ट्रॅक्टरसारखीच थरथरायची, पण डिझेल पंपाच्या कॅनमधलंच चालायचं. ऐंशीच्या दशकात फ्रान्सच्या प्यूजोचं डिझेल इंजिन आलं, २११२ सीसीचं. आमच्या गाडीत तेच आहे. इकडे आमच्या भागात त्याच सुमाराला डिंभ्याचं धरण आणि कुकडी प्रकल्पाचे कालवे यांच्यामुळे बागायत वाढत होती. ऊस, कांदा, नारायणगावकडे टोमॅटो. रानात चिखल आणि हातात थोडा पैसा, या दोन गोष्टी एकत्र आल्या की जीप येतेच.

आता मुद्दा बघा. प्यूजो फ्रेंच, म्हणजे इंजिनाचे बोल्ट मिलिमीटरचे. सांगाडा अमेरिकन, म्हणजे त्याचे बोल्ट बहुतेक इंची. एकाच गाडीला पान्यांचे दोन संच लागतात. बॉनेट उघडलं की फ्रान्स, गाडीखाली घुसलं की अमेरिका.

आणि शेडमध्ये तिसरा देशही होता. विहिरीवरचं जुनं लिस्टर इंजिन आठवतंय ना, डग-डग करणारं? ते इंग्रजांचं, त्याचे आटे व्हिटवर्थचे. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली इंग्लंडमध्ये पहिल्यांदा सगळ्यांनी एकाच मापाचे आटे पाडावेत अशी पद्धत मांडली. त्याआधी प्रत्येक कारखान्याचा बोल्ट त्या कारखान्याच्याच नटात जायचा. व्हिटवर्थच्या आट्याचा कोन ५५ अंश. अमेरिकेत १८६४ साली फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने ६० अंशांचा आटा सुचवला, कारण ६० चा कोन पाडायला आणि तपासायला सोपा. झालं, दोन घरं वेगळी. अर्ध्या इंचाच्या जाड आट्याच्या बोल्टाला इंग्लंडमध्ये एका इंचात १२ आटे, अमेरिकेत १३. बाकीच्या बऱ्याच मापांना दोघांचे आटे संख्येने सारखे, आणि नेमका सगळ्यात जास्त लागणाऱ्या अर्ध्या इंचालाच एकाचा फरक! महायुद्धात दोन्ही देश एकाच बाजूने लढत होते आणि एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात जात नव्हता. त्या त्रासातूनच १८ नोव्हेंबर १९४८ ला वॉशिंग्टनला अमेरिका, इंग्लंड आणि कॅनडाने एकच आटा मान्य केला, ६० अंशांचा, पण इंचीच. त्याच्या आदल्याच वर्षी मापांची जागतिक संस्था आयएसओ स्थापन झाली होती. तिची समिती क्रमांक १ कशाची आहे माहितीये? आट्यांची.

आपण या भांडणात १९५६ साली वेगळा रस्ता धरला. वजनमापांचा कायदा झाला, १९५७ च्या १ एप्रिलला नवे पैसे आले, १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलो आणि मीटर टप्प्याटप्प्याने. शेर गेला, मैल गेला. आणा गेला, एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे, लोकांनी सहाच धरला. पाव पैसा हवेत. पण गवंडी, लोहार आणि मिस्त्री यांच्या तोंडातलं सूत काही गेलं नाही. एका इंचाचे आठ सूत. चार सूत म्हणजे अर्धा इंच.

आजही बघा ना. ठिबकवाल्याकडे आपण "दोन इंची पाइप" मागतो, तो देतो ६३ मिलिमीटरचा. अडीच इंची म्हटलं की ७५ चा. स्लॅब टाकताना "तीन सुती, चार सुती" सळई मागतो, गाडीतून उतरते दहा आणि बारा मिलिमीटरची. कुणाचं काही बिघडत नाही. पाच सूत म्हणजे १५.९ मिलिमीटर, सळई येते १६ ची, जवळपास तेच. पण चार सूत म्हणजे १२.७, आणि सळई येते १२ ची. ०.७ मिलिमीटर कमी. ज्वारीच्या दाण्याच्या पाव भागाएवढं. स्लॅबमध्ये इंजिनिअरने हिशोब बाराचाच केलेला असतो, त्यामुळे नावाला काही किंमत नाही. बोल्टात मात्र आहे.

तिसऱ्या दिवशी मिस्त्रींनी बोल्ट कसा काढला ते सांगतो, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे अशी गाडी आहे.

गॅस लावायचा नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं. बोल्ट तापवायची पद्धत खरी आहे. नट लालसर केला की त्याचं भोक केसाएवढं मोठं होतं. अर्ध्या इंचाचा लोखंडी बोल्ट ३०० अंशांनी तापला तर जेमतेम ०.०५ मिलिमीटर फुगतो, पण गंजाची पकड मोडायला तेवढं पुरतं. इंजिनाच्या किंवा पाट्याच्या बोल्टाला ते ठीक. शॉकअपच्या शेजारी नाही. आत तेल असतं, नवीन प्रकारांत दाबाखाली वायूही असतो, चारी बाजूंनी बंद. ते तापलं तर फुटतं, आणि गाडीखाली झोपलेल्या माणसाचं तोंड तिथेच असतं. शिवाय रबरी बुश पेटलं तर तो धूर छातीत जातो तो वेगळाच.

गाडी जॅकवर ठेवली नाही. लाकडी ठोकळे लावले, चाक काढून तेही सांगाड्याखाली सरकवलं. मग ग्राइंडरने टोकाचं पसरवलेलं लोखंड खाऊन टाकलं. हे झालं की नट यायला पाहिजे होता. पाना लावला, आणि मिस्त्री म्हणाले, "आधी आवळा." उलटं वाटतं ऐकायला, पण आवळण्याच्या दिशेने एक झटका दिला की गंजाची खपली मोडते, मग सोडायचं. एका बाजूला जड घण टेकवून समोरून नटाच्या कडेवर हातोड्याचे चार टोले. मग पाना. आला नट. अगदी आरामात आला, म्हणजे शंका यावी इतका आरामात. शेवटचे आटे तर बोटाने फिरले, आणि फिरताना नट बोल्टावर डगमगत होता.

पण बोल्ट बुशमधून हलायला तयार नाही. खरी पकड तिथे होती. शॉकअपच्या कडीत रबर असतं, रबराच्या आत लोखंडी नळी, नळीतून बोल्ट. बोल्टाची मान आणि नळी यांच्यात पाणी शिरलं की गंज वाढतो, आणि गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. फट भरली की नळी आणि बोल्ट एकच. डिझेल तिथपर्यंत पोचतच नाही. मी तीन दिवस आट्यांवर तेल ओतत होतो, आणि आट्यांत काही अडकलंच नव्हतं!

शेवटी ब्रॅकेट आणि कडी यांच्या मधल्या फटीतून हॅक्सॉ ब्लेड घातलं. ब्लेडच्या एका टोकाला चिंधी गुंडाळून, हाताने. दोन्ही बाजूंनी. पाऊण तास, तीन ब्लेडं. ग्राइंडर तिथे बसत नाही, आणि बसवला तर ब्रॅकेट कापलं जातं. ब्रॅकेट गेलं तर वेल्डिंग, आणि जुन्या गाडीच्या अॅक्सलशेजारी वेल्डिंग करायचं म्हणजे आणखी चार कामं उघडायची. शॉकअप खाली पडला तेव्हा पोटात बोल्टाचा तुकडा घेऊनच पडला.

इथे दोन ओळी शॉकअपबद्दल, कारण गाडीला तो नसला तरी चालते असं मानणारे आपल्यात पुष्कळ आहेत. बैलगाडीला पाटे नव्हते म्हणून शॉकअपही नव्हता. पाटे आले की उसळी आली, खड्ड्यातून बाहेर आल्यावर गाडी नाचतच राहते. ती उसळी जिरवायला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये त्र्युफोने घर्षणाच्या चकत्या बसवल्या, त्या अमेरिकेत हार्टफर्डने विकल्या. मग उदायचे तेलाचे, हातासारखी दांडी असलेले शॉकअप आले, फोर्डच्या मॉडेल ए गाडीला ते होते. तीसच्या दशकात नळीचे आले, जीपला पहिल्यापासून नळीचेच. आतली दांडी तेलातून दट्ट्या ओढते, तेल बारीक भोकांतून जातं, उसळीचं रूपांतर उष्णतेत होतं. इतकंच. आपल्याकडे १९६१ साली मुंबईत मुलुंडला गॅब्रिएल इंडियाने शॉकअपचा कारखाना काढला, आता त्यांचा एक कारखाना आपल्या चाकणलाही आहे. मंचरहून पुण्याला जाताना आपण शॉकअपच्या गावावरूनच जातो, आणि खड्डे मोजत जातो.

तर बोल्टाचा तुकडा. मिस्त्रींनी तो व्हाइसमध्ये धरला आणि डोक्यावरची माती, रंग खरवडला. डोक्यावर आकडा निघाला: ८.८. मिलिमीटरच्या बोल्टावर असा आकडा असतो, तो ताकदीचा. इंची बोल्टावर आकडा नसतो, मधून बाहेर जाणाऱ्या रेघा असतात, तीन किंवा सहा. वरचा बोल्ट जो पहिल्या दिवशी सहज निघाला होता त्याच्यावर तीन रेघा होत्या. व्हर्नियर लावला. वरचा १२.६. खालचा, न झिजलेल्या जागी, ११.९.

नट मात्र मूळचाच होता, अर्ध्या इंचाचा, इंचाला वीस आटे. म्हणजे दर आट्याला १.२७ मिलिमीटर. आणि बारा मिलिमीटरच्या बारीक आट्याच्या बोल्टाला दर आट्याला १.२५. फरक दोन शतांश. म्हणून तो नटात गेला. अडला नाही, अडखळला नाही, कुणाला काही सांगितलं नाही. पण आट्यांनी एकमेकांना जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढंच धरलेलं. जोर लावून आवळलं तर आटे सोलायचे, हलकं आवळलं तर थोड्या दिवसांत ढिला. पानाही बोलला नाही, कारण अर्ध्या इंचाच्या नटाला पाना लागतो पाऊण इंचाचा, म्हणजे १९.०५, आणि बारा एमएमच्या बोल्टाला १९ चा. एकच पाना दोघांना बसतो. माझ्याही हातात तीन दिवस तोच होता.

बाकी सगळं मग आपोआप उलगडलं. नळीत सैल बोल्ट, दर खड्ड्याला आतल्या आत टोला. टोल्याने फट वाढली, फटीत पाणी आणि चिखल. ब्रॅकेटचं भोक एका दिशेला लांबट झालेलं, चौदा मिलिमीटर. नट ढिला होतोय म्हणून कुणीतरी कंटाळून टोक ठोकलेलं. ठोकल्यावर नट थांबला आणि गंजाला निवांत वेळ मिळाला.

संध्याकाळी तो तुकडा तात्यांच्या पुढे ठेवला. ते पडवीत बसले होते. "तात्या, हा बोल्ट कुणी घातला होता?"

त्यांनी तो हातात घेऊन बघितला. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून ते वस्तू हाताने बघतात. म्हणाले, "मीच. डिंभ्याकडून येताना तुटला होता. पाऊस होता. तू तेव्हा पुण्याला शिकायला होतास." मग त्यांनी सांगितलं. रस्त्यावरच्या एका हार्डवेअरमध्ये त्यांनी चार सुती बोल्ट मागितला. दुकानातल्या पोराने दिला. नटात फिरवून बघितला, गेला. घरी आले. पुढे दोन-तीनदा ढिला झाला तेव्हा ठोकून टाकला.

"चार सुती मागितला, चार सुतीच दिला त्यानं," तात्या म्हणाले.

आणि तेही खोटं नव्हतं. त्या दुकानात बाराच्या सळईला चार सुती म्हणत असणार, जसं आपण सगळेच म्हणतो. पोराने त्याच्या हिशोबाने बरोबर दिला, तात्यांनी त्यांच्या हिशोबाने बरोबर मागितला.

मी जरा चिडलो होतो, ते कबूल करतो. तीन दिवस, तीन ब्लेडं, वाकलेला पाइप, उजव्या हाताच्या दोन बोटांची सालटी. आणि त्याहून जास्त, मागच्या वर्षी भीमाशंकरच्या घाटात भरल्या गाडीने मी हाच बोल्ट घेऊन गेलो होतो, मागे सहा माणसं. तो तुटला असता तर काय, हा विचार रात्री आला. पण त्या पावसात, अंधारात, मोबाइलला रेंज नसताना त्यांनी गाडी घरी आणली होती, हेही खरं. ठोकून दिलेला बोल्ट इतकी वर्षं टिकला. मी त्यांना काही बोललो नाही. चहा घेतला.

चौथ्या दिवशी मिस्त्रींनी ब्रॅकेटच्या लांबट भोकावर दोन्ही बाजूंनी जाड चकती वेल्ड केली आणि नव्याने १२.७ चं भोक पाडलं. ते वेल्डिंग शेवटी करावंच लागलं, बॅटरीची तार काढून आणि नवा शॉकअप लांब ठेवून. बोल्ट पुण्याच्या जुन्या बाजारातून आणायचा विचार होता, पण बाजार बुधवारी आणि रविवारी, म्हणून चाकणला बोल्टांच्या दुकानातून आणला. मागताना मी "चार सुती" म्हटलं नाही. "अर्धा इंच, वीस आट्यांचा, यूएनएफ, तीन रेघांचा" असं म्हटलं, आणि बरोबर त्याच आट्याचा नायलॉक नट घेतला. दुकानदाराने विचारलं, "जीप का?" म्हटलं, हो. म्हणाला, "अजून येतात जीपवाले."

बसवताना बोल्टाच्या मानेला आणि नळीच्या आतून तांब्याचं ग्रीस लावलं. ते नसेल तर साधं ग्रीसही चालेल, कोरडं मात्र बसवू नका. आणि एक गोष्ट मला माहीत नव्हती ती मिस्त्रींनी सांगितली: शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी करून करायचं. हवेत लटकत्या अॅक्सलवर आवळलं तर रबर आधीच पिळलेलं राहतं आणि सहा महिन्यांत फाटतं.

गाडी आता मागून फेकत नाही. डावा शॉकअप अजून बदलायचाय. तिकडच्या खालच्या बोल्टाच्या डोक्यावरची माती मी आज सकाळी स्क्रू ड्रायव्हरने खरवडून बघितली. ८.८. तात्यांना विचारलं, तर म्हणाले, "दुकानातून दोन आणले होते."

तुमच्याकडे जुनी जीप, कमांडर किंवा मार्शल असेल तर खालच्या बोल्टाचं डोकं साफ करून बघा आणि कमेंटमध्ये सांगा: रेघा की आकडा. डाव्या बाजूची नोंद कांद्याचं पुढचं पाणी झालं की टाकतो.